हार्ड डिस्क कुठल्या कंपनीची टिकते?

घरातले जुने फोटो, आजीनं म्हटलेली अहिराणी गाणी, ग्रंथालयातल्या जीर्ण वह्यांची स्कॅन केलेली पानं हे सगळं आता आपण हार्ड डिस्कवर ठेवतो. मग प्रश्न येतोच: ‘कुठल्या कंपनीची घेतली, तर नातवंडांपर्यंत टिकेल?’ आज या प्रश्नाकडे आपण इतिहासाच्या अंगानं बघू.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं १९५६ मध्ये आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, आणि त्यांत मावायची साधारण पन्नास लाख अक्षरं. पुढे या धंद्यात पुष्कळ कंपन्या आल्या. त्यांचं काय झालं बघा. कॉनर १९९६ मध्ये सीगेटमध्ये गेली. क्वांटमचा डिस्कचा धंदा २००१ मध्ये मॅक्स्टरनं घेतला आणि २००६ मध्ये मॅक्स्टरच सीगेटनं घेतली. आयबीएमचा विभाग हिताचीकडे गेला, तिथून २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. आज मोठे कारखानदार तीनच उरलेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. म्हणजे पन्नास वर्षांची हमी ज्यांच्याकडे मागायची, त्यांतली बरीच नावंच पन्नास वर्षं टिकली नाहीत.

बरं, एका कंपनीचा सगळा माल सारखा असतो का? तसंही नाही. आयबीएमचं नाव केवढं मोठं! पण २००० सालच्या तिच्या डेस्कस्टार मालिकेतल्या एका मॉडेलच्या डिस्का इतक्या बंद पडल्या, की लोक तिला ‘डेथस्टार’ म्हणू लागले. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या हजारो डिस्कांची आकडेवारी २०१३ पासून जाहीर करते. त्यात सीगेटचं तीन टेराबाइटचं एक मॉडेल फार वाईट निघालं, पण त्याच कंपनीचं चार टेराबाइटचं मॉडेल त्याच्यापेक्षा खूपच बरं चाललं. तेव्हा तुलना करायची तर मॉडेलची करावी. पण एखादं मॉडेल पाच वर्षं टिकलं हे सिद्ध होईपर्यंत ते दुकानातून गेलेलं असतं.

गूगलनं २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला. बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. आणि समजा, शंभरातली एकच डिस्क वर्षाला बिघडते. कारखान्याच्या दृष्टीनं तो एक टक्का. पण ज्याच्याकडे एकच डिस्क आहे आणि तीच बिघडली, त्याचं शंभर टक्के गेलं!

आता जरा आपल्या पाटणला या. चाळीसगावजवळच्या या गावात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला देणगी दिली, ही त्यातली हकिकत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख १८६५ मध्ये अभ्यासकांसमोर आणला. मठ गेला, दगड राहिला. पण त्या दगडावर ‘लीलावती’ कोरलेली नाही. ११५० चा तो ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांतून. शिष्यांनी नकला केल्या, पंडितांनी टीका लिहिल्या, १५८७ मध्ये फैजीनं फारसीत भाषांतर केलं. दगडापेक्षा कितीतरी कच्च्या कागदावर ग्रंथ टिकला, कारण एक प्रत वाळवीनं खाल्ली तरी दुसरी कुठंतरी होती, आणि ती वाचणारं माणूसही होतं.

आपणही हेच करायचं. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. दोन डिस्का घेतल्या तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या, म्हणजे एकाच मालातला दोष दोन्हींना बाधणार नाही. तिसरी प्रत ऑनलाइन ठेवा. दोनांपैकी एक डिस्क धुळ्याला किंवा जळगावला नातेवाइकाकडे ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही डिस्का जोडून फायली उघडतात का ते बघा, आणि चार-पाच वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवा. मुख्य म्हणजे, हे काम घरातल्या कोणाचं ते नाव घेऊन ठरवा. चांगदेवानं मठ काढला, तोही आजोबांचे ग्रंथ पुढच्यांच्या हाती पडावेत म्हणूनच.