आठ संख्यांचा पहारा

समजा, हदगावच्या एखाद्या शाळेत विद्यार्थ्याने लिस्प भाषेत खेळ लिहिला. खेळ सुरू होतो, पण चित्र उमटत नाही. फाइल तर जागेवर आहे! मग चूक कोठे?

उत्तराचा एक धागा इतिहासात सापडतो. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्पची आखणी सुरू केली ती चिन्हांवर काम करण्यासाठी. कॉमन लिस्पच्या १९९४ च्या मानकातही, वेगळे सांगितले नाही तर फाइल अक्षरांचीच समजून उघडली जाते. चित्राच्या फाइलीत मात्र ० ते २५५ या संख्या (बाइट) असतात.

अशी गफलत जुनीच. ओळ संपल्याची खूण डॉसमध्ये १३ व १०, तर युनिक्समध्ये नुसती १०. फाइल इकडून तिकडे नेताना या खुणा बदलल्या जात. मजकूर शाबूत राही, चित्र मात्र बिघडे. म्हणून १९९६ साली सिद्ध झालेल्या पीएनजीच्या रचनाकारांनी प्रत्येक फाइलीच्या दारात आठ संख्या उभ्या केल्या: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिली सात बिटांत मावत नाही. पुढील तीन म्हणजे पी, एन, जी ही रोमन अक्षरे. १३ किंवा १० बदलले की ढवळाढवळ उघड होते.

मुलांना फाइल बाइटांची म्हणून उघडून या आठ संख्या छापायला सांगावे. आरंभी २५५, २१६ आल्या, तर नाव पीएनजीचे आणि चित्र जेपीईजीचे! आठही जुळल्या, तर चूक पुढे शोधावी. तर्काने चूक हुडकण्याचा हा चांगला धडा आहे.