खिडकीतला आकडा

नोटेवरच्या कोऱ्या पांढऱ्या जागेला आम्ही खिडकी म्हणायचो. 1980 साली निफाड तालुक्यातल्या एका बँकेत कॅशियर म्हणून लागलो, तेव्हा हेडकॅशियरनी पहिल्याच दिवशी दोन वस्तू हातात दिल्या. ओल्या स्पंजची डबी आणि निळी पेन्सिल. स्पंज बोट ओलं करायला, पेन्सिल गड्डीच्या वरच्या नोटेवर आकडा टाकायला. आकडा कुठं टाकायचा, हे विचारावंही लागलं नाही. जिथं कोरी जागा, तिथं. मग गड्डीला पिन ठोकायची. ती पिन उपसताना नोटेचा कोपरा फाटला, की शिपाई हसायचा, "साहेब, आणखी एक मळकीत टाका."

उजेडात धरली की वॉटरमार्क दिसणाऱ्या त्या खिडकीची किंमत तेव्हा मला ठाऊक नव्हती. तिच्यामागं शंभराहून जास्त वर्षांची झटापट होती.

1861 च्या कायद्यानं आपल्याकडं नोटा काढायचा हक्क सरकारनं स्वतःकडं घेतला. त्याआधी बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे, बँक ऑफ मद्रास आपापल्या नोटा काढत. सरकारच्या पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचं चित्र होतं. एकाच बाजूला छपाई, पाठ कोरी. कागद इंग्लंडातल्या लॅव्हरस्टोक गिरणीत हातानं केलेला, आणि वॉटरमार्क त्या कागदाच्या अंगातच. एवढं करूनही खोट्या नोटांचा इतका सुळसुळाट झाला, की 1867 पासून त्या मागं घेऊन नवी घडण आणावी लागली. त्या काळात दूर पैसे पाठवायचे तर व्यापारी नोट मधोमध कापत. अर्धी टपालानं आधी जायची, पोच आली की उरलेली अर्धी. माझ्या काउंटरवर कुणी अशी अर्धी नोट ठेवली असती, तर मी त्याला आधी पाणी पाजलं असतं.

1928 साली नोटांची छपाई नाशिक रोडला सुरू झाली. आमच्या भागात पुढं ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ एवढं सांगितलं, की सोयरीक जुळायला वेळ लागत नसे. कुठली प्रेस, हे कुणी विचारायचं नाही.

नोटेतली तार मात्र युद्धानं आणली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी भारतीय नोटांच्या फार सफाईदार नकला केल्या. तेव्हा वॉटरमार्कमधल्या सहाव्या जॉर्जचा एका बाजूनं दिसणारा चेहरा बदलून समोरून दिसणारा केला आणि आपल्या नोटेत पहिल्यांदा सुरक्षा धागा घातला. स्वातंत्र्यानंतर राजा गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. तार राहिली. 1996 साली गांधींच्या मालिकेत ती कागदाच्या आत-बाहेर डोकावू लागली आणि वॉटरमार्कमध्ये गांधीजी आले.

आता माझी गोष्ट. 1998 चा कांद्याचा हंगाम. दुपारी तीनला काउंटर बंद करायची घाई, समोर व्यापाऱ्यांची रांग. संध्याकाळी हिशेब जुळला, पण दुसऱ्या दिवशी नोटांच्या मोठ्या तिजोरीतून, म्हणजे करन्सी चेस्टमधून, पाचशेची एक नोट खोटी म्हणून परत आली. गड्डीच्या वेष्टनावर सही माझी. नोट हातात घेतली आणि कानशिलं तापली. तार नव्हतीच, चंदेरी शाईची रेघ होती. नखानं खरवडली, तर निघाली. खिडकीत गांधीजीही नव्हते. पण खिडकीत तीन आकडे होते, एक निळ्या पेन्सिलीत, दोन बॉलपेनात, आणि एक आडवी खूण. पिनेची चार भोकं. म्हणजे किमान तिघांनी ती नोट मोजली होती आणि खिडकीतून आरपार बघण्याऐवजी खिडकीवर लिहिलं होतं. निळा आकडा माझाच होता.

पाचशे रुपये पगारातून गेले. तेव्हा ती रक्कम थोडी नव्हती.

नोव्हेंबर 2001 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना हुकूमच दिला: गड्ड्यांना पिना मारू नका, कागदी पट्टी लावा, आणि वॉटरमार्कच्या खिडकीत काहीही लिहू नका. आम्ही कुरकुरलो. पट्टी सुटते, नोट सरकते, वगैरे. माझ्या मते तो हुकूम वीस वर्षं उशिरा आला. नक्कल करणाऱ्याचं अर्धं काम आम्हीच पेन्सिलीनं करत होतो.

डोळ्यांचं झालं. बोटांचं सांगतो. आमच्या आठवडेबाजारात एक अंध उदबत्तीवाले होते. नोट दोन बोटांत ताणून धरली की किती रुपये ते सांगायचे, चूक नाही. कारण साधं होतं. तेव्हा पन्नासची नोट 147 मिलिमीटर लांब, शंभरची 157, पाचशेची 167, हजारची 177. दर पायरीला सेंटीमीटर. शिवाय खिडकीच्या डावीकडं उठावाची खूण: शंभराला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ. पण उठाव हजार हातांखालून गेला की सपाट होतो. लांबी झिजत नाही.

मी 31 ऑक्टोबर 2016 ला निवृत्त झालो. आठ दिवसांनी नोटबंदी आली. त्या रांगा मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूनं पाहिल्या. नव्या नोटा आखूड, म्हणून एटीएमचे खणसुद्धा बदलावे लागले. यंत्रांची सोय झाली. माणसाच्या बोटांची कितपत झाली, ते त्या उदबत्तीवाल्यांनी सांगितलं. दोनशेची नोट आल्यावर त्यांनी ती चाचपली आणि म्हणाले, "कॅशियरसाहेब, आता सगळ्याच सख्ख्या बहिणी झाल्यात."

नवी शंभरची 142 मिलिमीटर, दोनशेची 146, पाचशेची 150. कडेला उठावाच्या तिरप्या रेघा दिल्या आहेत, दोनशेला चार, त्यांत दोन ठिपके, आणि पाचशेला पाच. कोऱ्या नोटेवर त्या लागतात. भाजीवाल्याच्या गल्ल्यातून आलेल्या नोटेवर मला तरी लागल्या नाहीत, आणि माझ्या बोटांनी छत्तीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही.

आज खिशात दोनशेची आणि पाचशेची, दोन्ही मळक्या नोटा असतील, तर डोळे मिटून ओळखून बघा.