लातूरची पेठ : आधी मोंढा, मागाहून कालवा

कालव्याच्या मुलखात एखादे गाव वाढले की त्याची हकीगत आपण ठराविक रीतीने सांगतो. आधी धरण झाले, मग पाट आला, पाटामागून ऊस आला, उसामागून गूळ आणि साखर, आणि गुळासाखरेमागून पेढीवाले, आडते, वखारी नि शाळा. नगर जिल्ह्यातील श्रीरामपूरची हकीगत अशीच आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, आणि बेलापूर रोड या स्टेशनाभोवतीच्या वस्तीची पाहता पाहता पेठ झाली. ही हकीगत इतकी सरळ आहे की सगळ्याच पेठा अशा वाढल्या असे वाटू लागते.

लातूरकडे पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही. मराठवाड्यातील ही नामांकित भुसार पेठ कालव्याचे पाणी येण्याच्या कितीतरी आधी उभी राहिली. येथे मोंढा आधी आला आणि कालवा मागाहून. हा क्रम उलटा का झाला आणि त्याचे परिणाम काय झाले, याचा आज आपण थोडा विचार करू.

लातूर काल-परवाचे गाव नव्हे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजेच आपले लातूर असे मानले जाते. जवळच तेरणेच्या काठी तेर आहे. प्राचीन ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात ज्या तगर नगराचा माल गाड्यांवरून भडोचच्या बंदरास जात असल्याचे सांगितले आहे, ते हेच. म्हणजे बालाघाटच्या या पठारावरून दूरच्या बाजारास माल पाठविण्याची रीत जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे. मात्र या जुन्या वैभवाचा धागा ओढून आजच्या पेठेपर्यंत आणू नये. मध्ये कित्येक शतके लातूर एक कसबाच होता.

पेठ घडविली ती काळ्या जमिनीने आणि आगगाडीने. या जमिनीत ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडई, कापूस ही पिके पावसाच्या भरवशावर येत. ती पाटाचे पाणी मागत नाहीत. खोल काळी माती ओल धरून ठेवते, आणि तेवढ्यावर रब्बीची ज्वारी उभी राहते. पीक होते, अडचण होती ती बाजाराची. लातूर निजामाच्या राज्यात, आणि सर्वांत जवळची मोठी पेठ बार्शी इंग्रजी मुलखात. बैलगाड्या बार्शीच्या वाटेला लागत, तेव्हा सरहद्दीवर करोडगिरीचे नाके आडवे येई. नाक्याच्या अलीकडे हाली नाणे, पलीकडे कलदार. सात हाली रुपये द्यावेत तेव्हा साधारण सहा कलदार पदरात पडत. शेतकऱ्याच्या मालास अशी एकाआड एक चाळणी लागत असे.

बार्शी लाइट रेल्वेने हे चित्र पालटले. अवघ्या अडीच फूट रुंदीची ही छोटी गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने उभी केली. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीस आली, १९०७ मध्ये तडवळ्यास पोहोचली आणि १९११ मध्ये लातुरास. कुर्डुवाडीस मुंबईची मोठी लाइन मिळत असल्यामुळे लातूरच्या तुरीचा मुंबईशी संबंध जुळला. शिवाय गाडी लातुरास येऊन थांबत होती, पुढे जात नव्हती. ज्या ठिकाणी रूळ संपतात त्या ठिकाणी चहूकडच्या गाड्या येऊन माल उतरवितात, हा साधा नियम आहे. औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर या बाजूंचे धान्य लातुरास येऊ लागले ते या कारणाने.

आगगाडीनंतर सहा वर्षांनी, १९१७ मध्ये, गंजगोलाई बांधली गेली. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने तिची आखणी केली. मध्ये जगदंबेचे देऊळ, भोवती गोलाकार दुमजली इमारत, आणि तीस येऊन मिळणारे सोळा रस्ते. कोठे सराफ, कोठे मिरची, कोठे गूळ, कोठे चपला अशी धंद्यांची वाटणी झाली. आपल्याकडील बहुतेक गावे वाढतात ती वेशीबाहेर, वाट फुटेल तशी. या गावाने बाजार हाच आपला मध्य धरला आणि त्याभोवती स्वतःस मांडून घेतले. कालव्याचे पाणी तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

पेठ मोठी झाली म्हणून शेतकरी सुखी झाला, असे मात्र म्हणता येणार नाही. जुन्या मोंढ्यातील सौदा रुमालाखाली होई. आडत्या आणि खरेदीदार रुमालाआड एकमेकांची बोटे दाबीत, भाव ठरे, आणि ज्याचा माल त्यालाच तो शेवटी कळे. मग आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय यांची कापणी होऊन हातात पट्टी येई. त्यातून घेतलेली उचल वळती झाली की गाडीवान रिकाम्या गाडीबरोबर जवळजवळ रिकामाच घरी जाई. या व्यवहाराला शिस्त लावण्याचा पहिला प्रयत्न वऱ्हाडात झाला. कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कायदा आला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला. हैदराबाद संस्थानाने आपला शेतमाल बाजार कायदा १९३० मध्ये केला. महाराष्ट्रात १९६३ चा कायदा झाला. उघड लिलाव, खरे माप आणि ठरलेली आडत या गोष्टी आज स्वाभाविक वाटतात, पण त्यांच्यासाठी दोन पिढ्यांना झगडावे लागले.

आता पाण्याकडे वळू. लातूरच्या शिवारातून मांजरा वाहते. पाटोद्याच्या डोंगरात तिचा उगम, आणि शेवटी ती गोदावरीस मिळते. या नदीवरचे पहिले मोठे धरण मात्र आपल्याकडे झाले नाही. ते खाली तेलंगणात झाले. निजामसागराचे काम १९२३ मध्ये सुरू होऊन १९३१ च्या सुमारास पुरे झाले, त्याच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला आणि १९३७-३८ च्या सुमारास बोधनला साखर कारखाना निघाला. पाऊस बालाघाटावर पडे, पण कालवा आणि कारखाना बोधनच्या वाट्यास आला.

मराठवाड्यास मोठे कालवे मिळाले ते १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आल्यानंतर. येलदरी व सिद्धेश्वर या पूर्णेवरील धरणांच्या पाण्याने वसमत, अर्धापूर आणि नांदेडचा भाग ओला झाला. तेथे हळद आली, केळी आली. गोदावरीवर जायकवाडी झाले, नांदेडजवळ विष्णुपुरीचा उपसा झाला. मांजरेवर धनेगावचे धरण १९८० च्या सुमारास तयार झाले. १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, आणि धरणाखालच्या पट्ट्यात ऊस व सहकारी साखर कारखाने पसरले.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कालव्याचे पीक मोंढ्यात येत नाही. ऊस फडातून थेट कारखान्यात जातो. अर्धापूरच्या केळीस तर व्यापारी बांधावर येऊन ट्रक भरून नेतो. लातूरच्या मोंढ्यात पोती पडतात ती तुरीची, हरभऱ्याची आणि अलीकडच्या काही दशकांत सोयाबीनची. येथील डाळगिरण्या चालतात त्या याच मालावर. ही पिके मुख्यतः कोरडवाहू शेतकऱ्याची आहेत. म्हणजे ज्या माणसाच्या बळावर ही पेठ उभी राहिली त्यास कालव्याचा वाटा थोडाच मिळाला, आणि ज्यास तो भरपूर मिळाला त्याचे मोंढ्याशी नाते सैल होत गेले.

शहराचे पिण्याचे पाणीही त्याच धरणातून येऊ लागले. उसाला, कारखान्यांना आणि वाढत्या शहराला एकच हौद. लागोपाठ अवर्षणे आली तेव्हा तो तळाला गेला. मार्च २०१६ मध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. पाण्यासाठी माणसे एकमेकांवर धावून जातील ही धास्ती होती. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी लातुरास आली. दहा टाक्या, पाच लाख लिटर कृष्णेचे पाणी. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली. जो मार्ग बार्शीच्या छोट्या गाडीने घालून दिला आणि २००७-०८ मध्ये रुंदमापी झाला, त्याच मार्गाने हे पाणी आले. १९११ मध्ये या वाटेने लातूरची तूर जगाकडे निघाली होती, आणि एकशे पाच वर्षांनी त्याच वाटेने साडेतीनशे किलोमीटरांवरून लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धरण भरले, आणि गाडी आपण विसरून गेलो.

आम्हांस वाटते, ती विसरू नये. निजामसागराच्या पाण्यावर भरभराटलेला बोधनचा कारखाना २०१५ मध्ये बंद पडला, हेही ध्यानात असू द्यावे. पाण्याने आणलेली संपत्ती पाण्याबरोबर जाऊ शकते. लातूरचे मूळ भांडवल कालव्यात नव्हते. ते ओल धरणाऱ्या मातीत होते, त्या मातीस शोभणाऱ्या पिकांत होते, आणि बाजारात झगडून मिळविलेल्या खऱ्या मापात होते. कालवा नको असे आम्ही म्हणत नाही. कोरडवाहू मुलखात पाण्यास नको म्हणणारा वेडाच. पण धरणातील पाणी वाटताना मोंढ्यात चालते तेच खरे माप तेथेही चालावे. आधी माणसाची घागर, मग तुरीच्या फुलोऱ्यास एखादे पाणी, आणि उरले तर उसाला. मालाचा सौदा रुमालाखालून बाहेर काढण्यास आपल्या वाडवडिलांना दोन पिढ्या लागल्या. पाण्याचा सौदा अजून पुरता उघड झालेला नाही. तो उघड करण्याचे काम या पेठेतील आपण नागरिकांनीच हाती घ्यावयाचे आहे.