कांजूरमार्ग कचराभूमी वाद

कांजूरमार्ग कचराभूमी वाद हा मुंबईच्या पूर्व उपनगरांतील कांजूरमार्ग येथील घनकचरा प्रक्रिया व विल्हेवाट केंद्राच्या जागेविषयीचा न्यायालयीन वाद आहे. ठाणे खाडीलगतच्या या सुमारे १४१ हेक्टर जागेवर मुंबईतील बहुतांश कचरा आणला जातो. कांजूरमार्ग, विक्रोळी (विशेषतः कन्नमवारनगर) आणि भांडुप या दाट वस्तीच्या भागांना त्याचा त्रास होतो, अशी रहिवाशांची जुनी तक्रार आहे.

पार्श्वभूमी

मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनार येथे टाकला जात होता. पुढे गोराई व मुलुंड येथेही कचराभूमी निर्माण झाल्या. वस्ती वाढत गेली तशी त्या एकेक करून बंद करणे भाग पडले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ मधील आदेशानंतर राज्य शासनाने कांजूरमार्गची जागा बृहन्मुंबई महानगरपालिकेस उपलब्ध करून दिली. येथे कचऱ्यापासून खत तयार करणे आणि जैवअभिक्रियक पद्धतीच्या बंदिस्त भराव-कोठड्यांत कचरा कुजवून वायू मिळवणे, अशी दुहेरी व्यवस्था आहे. उघड्यावर कचरा टाकण्यापेक्षा ही पद्धत सुधारित मानली जाते. तथापि ओला व सुका कचरा मिसळून आल्यास दुर्गंधी व दूषित झिरपपाणी यांचा प्रश्न उरतोच.

जमिनीचा दर्जा

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये शासकीय जमिनीवरील खारफुटीला संरक्षित वनाचा दर्जा देण्याचा अंतरिम आदेश दिला. त्यानुसार जुलै २००८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत कांजूरमार्गच्या जागेचाही समावेश झाला. डिसेंबर २००९ मध्ये शासनाने नवी अधिसूचना काढून ११९.९१ हेक्टर क्षेत्र त्यातून वगळले. ही जमीन कचराभूमीसाठी आधीच दिलेली असल्याने तिचा समावेश चुकून झाला होता व आपण केवळ दुरुस्ती केली, अशी शासनाची भूमिका होती.

उच्च न्यायालयाचा निकाल

'वनशक्ती' या पर्यावरणवादी संस्थेने २०१३ मध्ये जनहित याचिकेद्वारे या वगळण्याला आव्हान दिले. न्या. गिरीश कुलकर्णी व न्या. सोमशेखर सुंदरेसन यांच्या खंडपीठाने २ मे २०२५ रोजी २००९ ची अधिसूचना रद्द ठरवून ११९.९१ हेक्टर क्षेत्राचा संरक्षित वनाचा दर्जा पुनःस्थापित केला. एकदा संरक्षित वन घोषित झालेली जमीन वन (संवर्धन) अधिनियम, १९८० नुसार केंद्र शासनाच्या पूर्वसंमतीविना वगळता येत नाही, हा निकालाचा गाभा होता. पालनासाठी महापालिकेस तीन महिन्यांची मुदत देण्यात आली. निकालाचा आधार दुर्गंधी वा आरोग्य नव्हे, तर जमिनीचा कायदेशीर दर्जा होता.

सर्वोच्च न्यायालय

मुदत संपत असतानाच, १ ऑगस्ट २०२५ रोजी, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने या निकालास स्थगिती दिली. केंद्र बंद झाल्यास शहराचा कचरा न्यायचा कोठे, हा प्रशासनाचा मुख्य मुद्दा होता. स्थगितीमुळे केंद्राचे काम सुरू राहिले.

कायदेशीर चौकट

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार भरावभूमी नदीपासून १०० मीटर आणि तलाव, महामार्ग, वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर असावी, असे ठरवण्यात आले. दिवसाला पाच टनांहून अधिक क्षमतेच्या केंद्राभोवती विकासरहित पट्टा राखणेही आवश्यक करण्यात आले. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात स्वच्छ पर्यावरणाचा अंतर्भाव होतो, असे न्यायालयांनी वेळोवेळी मान्य केले आहे. रतलाम नगरपालिका खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने निधीच्या अभावाची सबब सांगून नगरपालिकेस स्वच्छतेचे कर्तव्य टाळता येणार नाही, असे ठरवले.

महाराष्ट्रातील अन्य प्रकरणे

देवनार व मुलुंडच्या कचराभूमींसंबंधी प्रकरणात उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ते सशर्त शिथिल केले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि खंडपीठानेही तेथे कचरा टाकण्यास मनाई केली. पर्यायी जागेच्या शोधात ७ मार्च रोजी मिटमिटा येथे हिंसक संघर्ष उद्भवला.

महत्त्व

एका ठिकाणची कचराभूमी बंद करताना पर्यायी जागा तयार नसेल, तर प्रश्न दुसऱ्या वस्तीच्या दारी जातो, हे या प्रकरणांतून दिसते. महानगरपालिका नसलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील बुलढाणा, खामगाव, मलकापूर यांसारख्या नगरपरिषदांनाही २०१६ चे नियम लागू करण्यात आले. योग्य जागा शोधून देण्यास साहाय्य करण्याची जबाबदारी त्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवली. वर्गीकरण घरातच झाल्यास भरावासाठी लागणारी जमीन घटते. त्यामुळे असे वाद टाळण्याचा तो सर्वांत प्राथमिक उपाय मानला जातो.