ताडोबाच्या तिकिटाचा हिशेब गुरांपासून सुरू होतो

ताडोबाच्या सफारीचे दर बदलले की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात चार दिवस तोच वाद रंगतो. एक बाजू म्हणते, जंगल सरकारचं म्हणजे जनतेचं, मग आत जायला पैसे कसले? दुसरी म्हणते, फुकट केलं तर जंगलाची जत्रा होईल. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण दोघंही असं बोलतात जणू हे तिकीट ऑनलाइन बुकिंगसोबतच जन्माला आलं. तसं नाही राजेहो. या भागातल्या जंगलांत पाय ठेवायची किंमत दीडशे वर्षांपासून वसूल होते आहे. कोणाकडून आणि कशासाठी, एवढंच बदलत गेलं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

पहिलं तिकीट माणसाचं नव्हतं, गुरांचं होतं.

चांद्याचं गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. त्यानंतर मध्यप्रांत झाला, वन खातं आलं आणि १८६५, मग १८७८ चा वन कायदा आला. १८७८ च्या कायद्याने 'राखीव जंगल' ही गोष्ट पक्की केली. राखीव म्हणजे काय, तर ज्याला परवानगी नाही ते सगळं मना. जाणं, चारणं, तोडणं, वेचणं, सगळं. आधी गाव जंगलातून सरपण आणायचं, बांबू आणायचं, मोहफुलं वेचायचं, गुरं सोडायचं. याला आमच्याकडे आजही निस्तार म्हणतात. कायद्यानंतर हा निस्तार हक्क राहिला नाही, सवलत झाला. आणि सवलतीला दर असतो. गाय-बैलांना एक दर, म्हशीला त्याहून जास्त, आणि शेळीवर तर वन खात्याचा विशेष राग. पास नसलेलं जनावर राखीव जंगलात सापडलं की कोंडवाड्यात. सोडवायचं तर दंड भरा. त्यासाठी १८७१ चा वेगळा कायदाच होता.

हे फक्त आमच्या झाडीतलं दुखणं नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत ते याच कारणाने. डोंगर, पडीक जमिनी, गायरानं सगळं खात्याच्या घशात गेलं आणि गरिबाच्या शेळीला उभं राहायला जागा उरली नाही, हा त्यांचा मुद्दा. पुण्याकडचा शेतकरी आणि चांद्याकडचा गोंड, दोघांनाही कोंडवाडा सारखाच माहीत होता.

आता त्याच काळात वाघाचं काय चाललं होतं ते बघा. १८६०-७० च्या दशकांत सरकार वाघ मारणाऱ्याला बक्षीस द्यायचं. वाघ म्हणजे शेती वाढवण्यातला अडथळा, मारा आणि पैसे घेऊन जा. पुढे वाघ कमी झाले, साहेबांची हौस मात्र वाढली, आणि गणित उलटं झालं. मारण्यासाठी सरकारला पैसे भरायचे. जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडले गेले. ब्लॉक आधी राखून ठेवायचा, परवान्याची फी भरायची, ठरलेल्या मुदतीत ठरलेली जनावरं मारायची. ब्लॉक मिळवताना ओळखपाळख असलेला साहेब पुढे आणि बाकीचे मागे. गेट, तारीख, बुकिंग, वशिला. काही ओळखीचं वाटतंय का?

या सगळ्यात गावकरी कुठे होता? हाकाऱ्यांमध्ये. डबे वाजवत, ओरडत वाघाला मचाणाकडे हाकलत. ज्या जंगलात आपली म्हैस चारायला तो पैसे भरायचा, त्याच जंगलात साहेबाच्या शिकारीसाठी तो रोजावर हाका घालायचा. एकाच जंगलाच्या दोन पावत्या फाटत होत्या, आणि एकीवरही त्याचा शब्द चालत नव्हता.

हा राग १९३० मध्ये बाहेर आला. मिठाचा सत्याग्रह समुद्रकाठच्यांसाठी ठीक होता, वऱ्हाड-मध्यप्रांतात समुद्र कुठून आणायचा? म्हणून इथे जंगल सत्याग्रह झाला. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. गवत! बंदूक नाही, लाकूड नाही, विळ्याने कापलेलं गवत. आणि त्यासाठी लोक तुरुंगात गेले. मध्यप्रांतात आदिवासी मोठ्या संख्येने उतरले. तिकडे कोकणात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला गोळीबार झाला. स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकात हे दोन ओळींत संपतं, पण या भागात स्वातंत्र्य म्हणजे काय याचं सामान्य माणसाचं उत्तर तेच होतं: जंगलात जायला कोणाला पैसे द्यायचे नाहीत.

स्वातंत्र्य आलं. इंग्रज गेले, १९२७ चा वन कायदा राहिला. तो आजही आहे.

ताडोबा भागात शिकारबंदी १९३५ मध्येच झाली होती. १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हा चांदा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. कान्हाही त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणजे महाराष्ट्राचं पहिलं राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्र जन्मायच्या पाच वर्षं आधीचं आहे! भाषणात 'महाराष्ट्राने ताडोबा दिला' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

उद्यानाच्या बाहेर मात्र शिकार सुरूच होती, आणि आता ती धंदा झाली होती. नागपुरात ॲल्विन कूपर नावाची कंपनी शिकारी सफारी आयोजित करायची. ती सुरू करणारे विद्याचरण शुक्ल पुढे खासदार झाले, आणीबाणीत केंद्रीय मंत्री होते. तेव्हा यात बेकायदेशीर काही नव्हतं. सांगायचा मुद्दा एवढाच की 'वाघ दाखवतो, पैसे मोजा' हा धंदा विदर्भात रिसॉर्ट यायच्या कितीतरी आधीपासून आहे. फक्त तेव्हा पाहुणा वाघाचं कातडं घेऊन जायचा, आता फोटो घेऊन जातो. बदल चांगलाच आहे.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १ एप्रिल १९७३ ला व्याघ्रप्रकल्प. ताडोबाला १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य जोडलं गेलं, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर व्याघ्रप्रकल्प झाला. कोअर ६२५ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये भोवती ११०० चौरस किलोमीटरचा बफर आला.

आजचं तिकीट १९७२ च्या कायद्यातून येतं. कलम २७ सांगतं की परवान्याशिवाय आत कोण जाऊ शकतं: कामावरचा सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेला, आत जमिनीचा हक्क असलेला, सार्वजनिक रस्त्याने जाणारा, आणि अशा लोकांवर अवलंबून असलेले. बाकी सगळ्यांना कलम २८ प्रमाणे परवाना आणि फी. परवाना कशासाठी मिळतो? वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्याशी काही कायदेशीर काम. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू.

ही यादी नीट वाचा. त्यात देवदर्शन नाही.

हे का म्हणतो, तर ताडोबा हे नावच देवाचं आहे. तारू हा गावाचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला, लोकांनी त्याला देव केलं, अशी कथा. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरत आली. देव वाघाने मारलेला, आणि तरी लोकांनी वाघावर सूड नाही उगवला, तलाव आणि झाड सांभाळलं. माझ्या मते संवर्धनाचा याहून जुना दाखला या जिल्ह्यात नाही. पण कायद्याच्या भाषेत त्या ठाण्याकडे जाणारा गोंड म्हातारा आणि पुण्याहून आलेलं कुटुंब एकाच रांगेत उभे राहतात. एकाकडे क्रेडिट कार्ड असतं, दुसऱ्याला साहेबाकडे अर्ज घेऊन जावं लागतं.

आता पैशाचं. आधी प्रवेश फी सरकारी तिजोरीत जायची आणि तिथे हरवायची. २००६ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ३८-एक्स आलं: प्रत्येक व्याघ्रप्रकल्पाचं स्वतःचं प्रतिष्ठान असावं आणि पैसा तिथेच संवर्धनासाठी आणि लोकांसाठी वापरावा. ही सुधारणा खरंच मोठी आहे, मी तिच्या बाजूने आहे. ताडोबाचं प्रतिष्ठान त्यातूनच आलं. गाईड गावातले झाले, आता बायकाही गाईड आहेत, जिप्सीच्या चाकामागे गावातली पोरं आहेत. मोहर्लीत, कोलाऱ्यात यामुळे चुली पेटतात, हे नाकारणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावं.

मग २०१२ आलं. भोपाळच्या एका कार्यकर्त्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ ला देशभरातल्या व्याघ्रप्रकल्पांच्या कोअरमध्ये पर्यटन थांबवलं. हंगाम तोंडावर. १६ ऑक्टोबरला बंदी उठली, पण नियम बांधले गेले: कोअरच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात पर्यटन, गाड्यांवर मर्यादा, स्थानिकांना वाटा. गाड्या मर्यादित झाल्या, मागणी वाढत राहिली, पुढे काय झालं ते कोणत्याही बाजारातल्या भाजीवाल्याला विचारा. दर वर चढले. शनिवार-रविवारचा वेगळा, तातडीचा वेगळा. आज एका जिप्सीचं सगळं मिळून बिल काही हजारांत जातं. माझ्या गावातल्या शिक्षकालाही विचार करावा लागतो, मजुराचं तर सोडाच.

आणि एवढा पैसा आला की त्याला फुटणाऱ्या वाटाही येतात. २०२३ मध्ये बुकिंगचं काम घेतलेल्या खासगी कंपनीने सुमारे १२ कोटी रुपये प्रतिष्ठानला भरलेच नाहीत, असा गुन्हा चंद्रपुरात दाखल झाला. खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण बफरमधल्या किती गावांना त्या आधी ठाऊक होतं की आपल्या जंगलाच्या दारावर असे कोट्यवधी रुपये जमा होत आहेत?

दुसरीकडे या तिकिटाची खरी किंमत गेटवर भरलीच जात नाही. महाराष्ट्रात वाघाच्या हल्ल्यांत सर्वाधिक माणसं आमच्या जिल्ह्यात मरतात. मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, सरपण आणताना, शेतात. म्हणजे निस्तार करतानाच. सफारीत बसलेला माणूस वाघ दिसला म्हणून टाळ्या पिटतो, त्याच वाघाचं पोर मोठं होऊन बफरमध्ये जागा शोधतं आणि तिथे गुराखी उभा असतो. बफरच्या गावांना गॅस, कुंपण, शौचालयं देणाऱ्या सरकारी योजना आहेत, त्यांचा उपयोगही झाला. पण योजना ही मेहरबानी असते, वाटा हा हक्क असतो. १८७८ मध्ये हक्काची सवलत झाली ना, त्याची ही उलटी बाजू.

शेजारच्या नेपाळात काय आहे बघा. तिथल्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा बफरमधल्या लोकांच्या विकासासाठी ठेवला आहे. चितवनमध्ये गेंडे आहेत, वाघ आहेत, माणसं मरतात तिथेही. भांडणं आहेत, समित्यांत राजकारण आहे. पण आकडा कायद्यात लिहिलेला आहे, त्यामुळे भांडायला काहीतरी हातात आहे. आपल्या कलम ३८-एक्समध्ये गावाचा टक्का लिहिलेला नाही. प्रतिष्ठानच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष वनमंत्री. मुंबईत बसून ठरणार, आणि मोहर्लीत कळणार.

मी तिकीट रद्द करा म्हणत नाही. गाड्यांची मर्यादा हवीच, पैसाही हवाच. पुणे-मुंबईच्या पाहुण्याने, परदेशी पाहुण्याने भरपूर द्यावेत. माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे. बफरमधल्या आणि पुनर्वसित गावांतल्या माणसांना, शाळांच्या पोरांना ठरावीक दिवस नाममात्र दरात जंगल पाहता यावं. तारूच्या ठाण्याला जाणाऱ्यांची गणती पर्यटकांत होऊ नये. आणि गेटनिहाय जमा किती, गावनिहाय खर्च किती, हे दरवर्षी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवलं जावं. इंग्रजी अहवाल कुठेतरी टाकून दिला, असं नको.

पावसाळ्यात कोअरची गेटं बंद असतात. मधल्या दिवसांत १५ ऑगस्टची ग्रामसभा येते. बफरमधल्या ज्या गावांना हा विषय पत्रिकेवर घ्यायचा असेल त्यांनी ग्रामसेवकाकडे आधी लेखी द्यावं, नाहीतर 'आयत्या वेळचे विषय'मध्ये तो शेवटी राहतो आणि तोवर लोक उठून गेलेले असतात. अर्जाचा नमुना मी लिहून ठेवला आहे, मेसेज करा, पाठवतो.