जुने फोटो सुधारायला शिकायचे आहे? साधने कोणती व कोठे

मंडळाने जुन्या छायाचित्रांचा संग्रह करायला घेतल्यापासून सभासदांकडून एकच विचारणा वारंवार होते : फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर शिकायचे आहे, सुरुवात कोठून करू? विचारणाऱ्यांच्या घरी आजोबांच्या मुंजीचा पिवळा पडलेला फोटो असतो, नाहीतर वाड्यातल्या गणपतीचा, आणि प्रत एकच असते. ही माहिती त्यांच्यासाठी आहे.

आधी सॉफ्टवेअर. फोटोशॉप १९९० पासून आहे आणि उत्तमही आहे, पण आता ते वर्गणी भरूनच वापरावे लागते. चार-पन्नास फोटोंसाठी तो खर्च करावा असे आम्हाला वाटत नाही. गिंप हे मोफत मिळते, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते आणि आपल्या कामाला पुरून उरते. संगणकावर काही बसवायचे नसेल तर फोटोपी ब्राउझरमध्येच उघडते. त्याची मांडणी फोटोशॉपसारखी असल्याने फोटोशॉपचे बरेचसे धडे तेथे करून पाहता येतात. यांतले एक निवडावे आणि दोन-तीन महिने तेच धरून ठेवावे.

शिकवणाऱ्या साधनांची टंचाई नाही. नवशिक्या अडतो तो बहुतेक वेळा आवृत्तीमुळे. एक उदाहरण देतो. गिंपच्या जुन्या धड्यांत 'सेव्ह' करून जेपीजी फाइल करायला सांगतात. २०१२ साली आलेल्या २.८ आवृत्तीपासून 'सेव्ह' केल्यावर गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल तयार होते, जेपीजीसाठी 'एक्स्पोर्ट' करावे लागते. हे ठाऊक नसलेला माणूस तासभर शोधतो आणि 'आपल्याला हे जमणार नाही' म्हणून उठतो. चूक त्याची नसते. मार्च २०२५ मध्ये गिंपची ३.० आवृत्ती आली. तेव्हा कोणताही धडा सुरू करण्यापूर्वी तो कोणत्या आवृत्तीवर आहे ते पाहावे, आणि शोधताना सॉफ्टवेअरच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा व हत्याराचे नाव लिहावे. नुसते 'फोटो एडिटिंग' शोधले तर लग्नाच्या अल्बमची झगमग शिकवणारे व्हिडिओ समोर येतात.

मराठीतून ऐकायचे असेल तर मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प पाहावा. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, पडद्यावर अर्ध्या भागात धडा आणि अर्ध्या भागात आपले काम, अशी त्याची पद्धत आहे. त्यात गिंपची मालिका आहे. मात्र ती जुन्या आवृत्तीवर बेतलेली असल्याने पडदा वेगळा दिसेल. थर म्हणजे लेयर काय, निवड कशी करतात, हे समजण्यासाठी ती अजूनही उपयोगी आहे. इंग्रजी कळत असेल तर गिंपची अधिकृत पुस्तिका संकेतस्थळावर मोफत आहे. ती सलग वाचायला कंटाळवाणी, पण अडल्यावर उघडायला चांगली. व्हिडिओंमध्ये गिंपसाठी 'डेव्हिस मीडिया डिझाइन' आणि फोटोशॉपसाठी 'पिक्सइम्परफेक्ट' ही वाहिनी आम्हाला आवडते. पिक्सइम्परफेक्टचे उन्मेष दिंडा भारतीय आहेत. हे बटण का दाबायचे तेही ते सांगतात, आणि नवशिक्याला तेच हवे असते. पुस्तकच हवे असेल तर खास जुन्या फोटोंवरचे म्हणून क्टाइन यांचे 'डिजिटल रिस्टोरेशन फ्रॉम स्टार्ट टू फिनिश' शोधावे.

यातले सगळे शिकायची गरज नाही. जुन्या फोटोंसाठी 'क्रॉप', 'लेव्हल्स', 'क्लोन' आणि 'हील' एवढी चार हत्यारे आधी पुरेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लालसर झालेले दिसतात, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. 'लेव्हल्स'मध्ये लाल, हिरवा आणि निळा हे भाग वेगवेगळे उघडून प्रत्येकाची टोके जुळवली की अर्धे काम होते. चरे आणि डाग 'हील'ने जातात. कोठला चांगला भाग उचलायचा हे दाखवण्यासाठी गिंपमध्ये कंट्रोल दाबून क्लिक करतात, फोटोशॉपमध्ये आल्ट दाबून. एकाचा धडा पाहून दुसऱ्यावर काम केले की असा घोटाळा होतो.

एक चूक आमच्याकडून झाली ती सांगून ठेवतो. उधार आणलेला एक समूहफोटो आम्ही स्कॅन केला, मूळ प्रत परत दिली आणि सराव म्हणून कडा कापून त्याच नावाने फाइल साठवली. काठावर उभी असलेली दोन माणसे गेली. मूळ प्रत पुन्हा मागायला गेलो तेव्हा ती त्या घरात सापडेना. तेव्हापासून मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि हात फक्त नकलेला लावतो. स्कॅन ६०० डीपीआयवर, टिफ स्वरूपात करावे. ४ × ६ इंचांचा फोटो २४०० × ३६०० पिक्सेलचा होतो आणि रंगीत असल्यास सुमारे २६ एमबी जागा घेतो. जागेची काटकसर येथे करू नये.

हल्ली एका बोटावर चेहरा 'स्वच्छ' करून देणारी ॲप्स आहेत. ती पुसट झालेला चेहरा परत आणत नाहीत, अंदाजाने नवा काढतात. घरच्या माणसांना ते लगेच जाणवते : डोळे छान आहेत, पण ही आपली आजी नव्हे. घरात टांगायला कोणी ते करो, संग्रहासाठी आम्ही तसे फोटो घेत नाही.

आणि स्कॅन करताना फोटोची पाठही घ्यावी. तेथे कित्येकदा नावे आणि तारखा असतात, क्वचित मोडीत. मोडी वाचणारा कोणी घरात उरला नसेल तरी स्कॅन करून ठेवावे.