चौकाचं गाणं

मुंबईच्या एका कलादालनात वारली चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. बोईसरहून सकाळची गाडी पकडून मी ते पाहायला गेलो. दाराशी दोन तारपेवाले उभे केले होते, आमच्याच भागातले. पाहुणे आत येऊ लागले तसे ते वाजवू लागले. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, आतून निरोप आला, आता पुरे, आत बोलणं ऐकू येत नाही. त्यांनी तारपे भिंतीला टेकवले आणि पायरीवर बसून चहा घेतला. आत चाळीसेक खुर्च्या मांडल्या गेल्या. तीन तरुण वादक व्हायोलिन आणि चेलो घेऊन चित्रांसमोर बसले आणि त्यांनी एक नवी पाश्चात्त्य रचना वाजवली. त्या वेळी मात्र कुणी बोलत नव्हतं, खोकलासुद्धा लोक आवरून धरत होते.

मला वादकांचा राग आला नाही. ते फार मन लावून वाजवत होते. पण परतीच्या गाडीत विरार जाईपर्यंत एक गोष्ट डोक्यातून जाईना. या चित्रांचं स्वतःचं संगीत आहे, तेही खोलीतलं, चारचौघांत गायचं. त्या संध्याकाळी तिथं कुणालाच त्याची आठवण झाली नाही.

युरोपात ज्याला चेंबर म्युझिक म्हणतात त्याचा साधा अर्थ खोलीतलं संगीत. वादक मोजके, प्रत्येकाची ओळ वेगळी, हातात काठी घेऊन उभा राहणारा संचालक नाही, ऐकणारे हाताच्या अंतरावर. अठराव्या शतकात हायडनसारख्यांनी त्याला घडवलं ते सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यांत. चित्रांच्या दालनात ते वाजवायची प्रथा आता जगभर आहे. तिच्यातला सगळ्यात हृद्य प्रसंग लंडनचा. १९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हा तिथल्या नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बच्या भीतीनं बाहेरगावी हलवली. भिंती उघड्या पडल्या. मायरा हेस नावाच्या पियानोवादक बाईंनी त्या रिकाम्या दालनात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मैफली सुरू केल्या. त्या १९४६ पर्यंत चालल्या, एकूण १,६९८ झाल्या. चित्रं गेली होती, संगीतानं दालन भरून काढलं.

आमच्याकडे नेमकं उलट झालं. चित्र शहरात गेलं आणि गाणं मागं राहिलं.

डहाणू, तलासरी, पालघर, विक्रमगड, जव्हार हा वारल्यांचा मुलूख. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. इथल्या वारली घरात लग्न निघालं की आतली भिंत शेणानं सारवतात, वर गेरूचा हात देतात. तांदूळ वाटून त्याचं पांढरं पाणी करतात आणि बांबूची काडी ठेचून तिचा कुंचला करतात. मग सवाशिणी चौक लिहायला बसतात. लिहायला म्हणतो मी, कारण आमच्याकडे रांगोळी काढत असले तरी चौक लिहितात. चौकटीच्या आत पालघट देवी, झाडावेलींची, निपजीची. शेजारी लहान देवचौक, त्यात पंचशिऱ्या. भोवती सूर्य, चंद्र, झाडं, घोड्यावरचे नवरानवरी.

हे सगळं चालू असताना धवलेरी गात असते. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही. ते ही बाई लावते आणि गाऊन लावते. धवळ म्हणजे लग्नाचं गाणं. हा शब्द वारल्यांपुरता नाही. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव आपण शाळेत घेतो त्या महदंबेनं तेराव्या शतकात रचले ते धवळेच, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे. विद्यापीठांत महदंबेवर प्रबंध होतात, व्हायलाच हवेत. तोच शब्द आपल्या नावात घेऊन एक निरक्षर बाई गंजाडच्या, सायवनच्या पाड्यावर अंधाऱ्या खोलीत गात असते, तिचं नाव कुणी टिपून ठेवत नाही. धवल म्हणजे पांढरंही. भिंतीवर तांदळाचा पांढरा आणि कानावर हा. एकाच कामाचे हे दोन हात आहेत, असं मला नेहमी वाटत आलं.

बायकांच्या गाण्यांवर लग्न उभं राहतं हे मला परकं नव्हतं. आमच्या कोकणी मुसलमान घरांत भिंतीवर माणसाचं चित्र नसायचं, पण हळदीच्या रात्री माझ्या आजी-मावशा आमच्या बोलीत गायच्या तेव्हा सगळं लग्न डोळ्यांपुढं यायचं. त्यामुळे पाड्यावर पहिल्यांदा धवलेरी ऐकली तेव्हा शब्द निम्मे कळले नाहीत, तरी चाल ओळखीची वाटली.

वारल्याचं लग्न म्हणजे केवढा खर्च, हे शहरातल्या रसिकाला माहीत नसतं. पैसे जमेपर्यंत जोडपी तशीच एकत्र राहायची, पोरं मोठी व्हायची आणि मग कधीतरी भिंतीवर चौक लागायचा. सावकाराकडून लग्नासाठी कर्ज घेतलं तर नवराबायको दोघंही त्याच्या शेतावर राबायला बांधली जायची. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारली उठले ते या वेठबिगारीविरुद्ध. गोदावरी परुळेकरांनी त्याची हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ते वाचल्यावर चौकाकडे नुसती नक्षी म्हणून बघवत नाही. त्या पांढऱ्या रेघांसाठी माणसं गहाण पडली होती.

१९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी या भागात आले. हातमाग आणि हस्तकला मंडळाच्या कामावरचे चित्रकार, त्याआधी मधुबनीत जाऊन आलेले. त्यांनी पाड्यांवर कागद आणि रंग दिले. बायकांचं हे काम, पण कागदावर खरा रमला तो एक पुरुष, गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. त्यांची आई ते लहान असतानाच गेली. त्या धक्क्यानं मुलानं बोलणं टाकलं, काही वर्षं मातीत बोटानं चित्रं काढूनच तो आपलं म्हणणं सांगे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ती होती, २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या जोडीनं मांडली गेली. २०११ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

म्हसे थोर चित्रकार होते, त्यात वाद नाही. मासे पकडायचं त्यांचं जाळं बघत राहिलं की पाणी हलल्यासारखं वाटतं. शिवाय या चित्रांनी कितीतरी घरांत चूल पेटली, तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाण्याऐवजी पोरांना घरात बसून चार पैसे मिळाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा कागद आणला हे वाईट झालं, असं मी मुळीच म्हणणार नाही. माझं दुखणं वेगळं आहे. कागदावर रेघ उतरली, आवाज उतरला नाही. आणि आवाज बाईचा होता. पुरस्काराच्या याद्यांत सवाशिणी क्वचित दिसतात, धवलेरी तर दिसतच नाही.

तारप्याचं नशीब त्या मानानं बरं. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचं लांब तोंड, सांधे मेणानं बुजवलेले. वाजवणारा श्वास तुटू देत नाही आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. हे अंगणातलं वाद्य, चित्रातही त्याचा फेर सगळ्यांना ठाऊक. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्याकडे फार आनंद झाला. घांगळी मात्र फारशी कुणी ऐकलेली नाही. दोन भोपळ्यांचं हे तंतुवाद्य भगत मांडीवर घेतो आणि कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची कथा गातो. आवाज इतका हळू की घरातल्यांनी बोलणं थांबवल्याशिवाय ऐकू येत नाही. खोलीतलं संगीत म्हणतात ते आणखी काय असतं?

एकदा मी टेपरेकॉर्डर घेऊन एका म्हाताऱ्या धवलेरीकडे गेलो होतो. म्हटलं, बाय, चौकाचं गाणं म्हणाल का, मी लिहून घेतो. तिनं यंत्र हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाली, “घरात लगीन नाय, भिंतीवर देवी नाय. गाऊ कोनासाठी?” मी फार गळ घातली. कवी माणूस, शब्दांचा लोभी. तिनं मला ताडगोळे दिले, पण गाणं दिलं नाही. तेव्हा मी थोडा खट्टू झालो होतो. आता वाटतं, कलादालनाच्या दाराशी त्या तारपेवाल्यांनी जे मुकाट मान्य केलं ते तिनं केलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात बोईसरच्या पूर्वेला एका पाड्यावर लग्नाला गेलो. अंगणात डीजे होता, माणसाएवढे दोन स्पीकर. आतल्या खोलीत चौक होता. पांढरा रंग डब्यातला होता, तांदळाचा नव्हता, पण पालघट जागच्या जागी होती. तिच्यासमोर एक बाई गात होती आणि तिघीजणी तिच्यामागून ओढत होत्या. बाहेरच्या दणक्यात ओठ हललेले तेवढे दिसत. मी दारात वाकून ऐकायचा प्रयत्न करत होतो. नवऱ्यामुलाचा धाकटा भाऊ, कारखान्यात नोकरीला असलेला पोरगा, माझ्याकडे बघून बाहेर गेला आणि डीजेवाल्याशी काहीतरी बोलला. स्पीकर बंद झाले. एक अख्खं गाणं ऐकू आलं, दुसरं निम्मं झालं असेल, तेवढ्यात नाचायला थांबलेली पोरं ओरडू लागली.